दासीच्या बाजूने कोण बोलणार?

द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते: जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला डावावर लावण्याचा अधिकार होता काय? प्रश्न धारदार आहे. परंतु सभेतला सारा वाद ती दासी झाली की नाही, एवढ्यापुरताच आहे. दासीला केस धरून ओढावे काय, हा वादाचा विषयच नाही. जुन्या ग्रंथांतील स्त्रियांना नव्याने उभे करणारी रंगभूमी तपासताना आपण हे विसरता कामा नये.

शाओली मित्र यांनी १९८३ मध्ये ‘नाथवती अनाथवत्’ हे बंगाली नाटक रंगभूमीवर आणले. प्रेरणा इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ची. एकटी स्त्री कथेकरीण होऊन सगळी पात्रे उभी करते. पाच पती असूनही अनाथ ठरलेल्या द्रौपदीची कथा स्त्रीच्या तोंडून येते आणि धर्मराजाचा धर्म उघडा पडतो. हे मोलाचेच आहे. तरीही हे दुःख राणीचे आहे.

महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ या कथेत राणी उरतच नाही. तिथे आहे दोपदी मेझेन, संथाळ भूमिहीन मजूर. ‘द्रौपदी’ हे नावही तिला आईच्या मालकिणीने दिलेले. दुष्काळात सवर्णांच्या विहिरी ताब्यात घेणाऱ्या बंडातली ती. पाण्यासाठीचा हा संघर्ष महाडच्या वारसांना समजावून सांगायला नको. पकडल्यावर लष्करी छावणीत तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो. सकाळी पुढे केलेले वस्त्र ती नाकारते आणि सेनानायकासमोर तशीच उभी राहते. वस्त्र पुरवणारा कृष्ण नाही, आणि तिला तो नकोच आहे. लाज तिची नाही, ती करणाऱ्याची आहे.

हैस्नाम कन्हाईलाल यांनी २००० मध्ये मणिपुरात या कथेचे नाटक केले. सावित्री हैस्नाम रंगमंचावर विवस्त्र उभ्या राहिल्या. इंफाळमध्ये त्यावर टीकेचे मोहोळ उठले. २००४ च्या जुलैत थांगजाम मनोरमा यांच्या हत्येनंतर बारा स्त्रिया इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर, आसाम रायफल्सच्या तळापुढे, विवस्त्र होऊन निदर्शनास उभ्या राहिल्या. नाटकामुळे त्या आल्या असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांच्या संतापाला नाटकाची गरज नव्हती. मात्र ज्या दृश्याला अश्लील म्हटले गेले, ते अपमानित स्त्रीचे शेवटचे शस्त्र होते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

सीता, द्रौपदी, शकुंतला यांना वाचा देणारी नाटके यावीतच. परंतु प्रत्येक वेळी आपण विचारले पाहिजे: राणीचा न्याय मागताना दासीचा अपमान गृहीत तर धरलेला नाही ना?