एमपीथ्री प्लेअर कॉम्प्युटरला दिसत नाही? आधी केबल बदला

प्लेअर चार्ज होतोय, पण कॉम्प्युटरवर नावच नाही? दहातल्या नऊ वेळा माझा पहिला संशय केबलवर. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा बऱ्याचदा गाळलेल्याच असतात. म्हणून बाजारात केबल घेताना ‘डेटावाली द्या’ असं स्पष्ट सांगा आणि शक्यतो तिथेच फोन जोडून तपासा.

तरीही तेच? हब काढा, सीपीयूच्या मागचा पोर्ट वापरा. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड एमटीपीवरून एमएससीवर (पेनड्राइव्हसारखा दिसणारा मोड) टाका. मॅकला एमटीपी मुळातच कळत नाही, तिथे तर हे कराच. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्ह दिसतोय पण अक्षर नाही, तर अक्षर द्या.

विंडोजनं ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर घाईनं हो म्हणू नका, जमवलेली गाणी जातील!

आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला, पण जुने अजून चालतात; विंडोजवर त्यांच्यासाठी आयट्यून्स वापरता येतं.

सॉकेटच हलत असेल, तर मात्र सोल्डरिंगचं काम. ते नीट करणारा कारागीर माहीत असेल तर कळवा.