गाठ आणि गुठळी

(मेंदूचा रक्तपुरवठा : भाग सहावा)

मागच्या भागात साडेचार तासांचा हिशेब मांडला होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघाताची लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आता बऱ्याच लोकांच्या कानावर गेलं आहे. तरीही काही घरांमध्ये हा हिशेब हमखास चुकतो. ज्या घरात आधीच कर्करोगाचा पेशंट आहे, ती ही घरं.

असं धरून चला, की परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या एका माणसाला फुफ्फुसाचा कर्करोग आहे. छत्रपती संभाजीनगरला केमो घेऊन तो गावी परतला आहे. दोन-चार दिवसांनी सकाळी त्याच्या उजव्या हातातून कप सुटतो, जीभ जड पडते. घरातले म्हणतात, केमोचा अशक्तपणा आहे, पडू द्या जरा. दुपारी तोंड वाकडं दिसतं, तेव्हा कुणीतरी म्हणतं, वारं तर गेलं नाही ना? मग गाडीची शोधाशोध सुरू होते. चारठाण्याहून जिंतूर, जिंतूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर परभणी, आणि संभाजीनगर गाठायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जिंतूरला रेल्वे नाही, सगळी मदार रस्त्यावर. रस्त्यासाठी राखून ठेवायला हवे होते ते तास खाटेवर संपलेले असतात.

केमोचा अशक्तपणा सगळ्या अंगाला येतो. तो एकट्या उजव्या हाताला गाठत नाही, आणि त्यानं तोंड वाकडं होत नाही, बोबडी वळत नाही. हा फरक ओळखायला डॉक्टर लागत नाही. पण ‘याला आधीच एवढा मोठा आजार आहे’ या विचारानं घरातल्यांची नजर बधिर झालेली असते. नंतर शेजारपाजारचे म्हणतात, एक संकट कमी होतं म्हणून देवानं दुसरं धाडलं. माझं म्हणणं असं, की बऱ्याचदा हे दुसरं संकट नसतंच. पहिल्याचंच ते काम असतं.

ही ओळख नवी नाही. पॅरिसमधल्या आर्मां ट्रूसो या नामवंत डॉक्टरांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानांत सांगितलं होतं, की कारण नसताना शिरांमध्ये गुठळ्या होऊ लागल्या तर शरीरात कुठेतरी कर्करोग दडलेला असू शकतो. पुढे १८६७ मध्ये त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांना इतरांपेक्षा आधी कळला. त्याच वर्षी जून महिन्यात जठराच्या कर्करोगानं ते गेले. आजही डॉक्टर या प्रकाराला ट्रूसोंच्या नावानं ओळखतात.

ट्रूसोंनी पाहिल्या त्या शिरांमधल्या गुठळ्या. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याही यातून सुटत नाहीत. त्याचं मूळ ‘टिश्यू फॅक्टर’ नावाच्या प्रथिनात आहे. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींत असतं. जखम झाली की रक्ताशी त्याची गाठ पडते आणि रक्त गोठून वाहणं थांबतं. कर्करोगाच्या पेशी हेच प्रथिन जखम नसताना रक्तात पुरवत राहतात. स्वादुपिंड, फुफ्फुस, जठर आणि मोठं आतडं इथले, विशेषतः चिकट स्राव तयार करणारे कर्करोग यात पुढे असतात. कधी हृदयाच्या झडपांवर, कुठल्याही जंतूविना, गुठळ्यांचे बारीक कण जमतात आणि तिथून निसटून मेंदूत जातात. हे कण मेंदूच्या कुठल्याही भागात जाऊन पडतात. त्यामुळे एमआरआयमध्ये एकाच ठिकाणी मोठा डाग दिसण्याऐवजी दोन्ही बाजूंना, पुढे-मागे, असे विखुरलेले डाग दिसले आणि डी-डायमर ही रक्ततपासणी खूप वाढलेली आली, की अनुभवी न्यूरोलॉजिस्टच्या मनात कर्करोगाची शंका येते.

कर्करोगाच्या औषधांचाही यात वाटा आहे. सिस्प्लॅटिनमुळे धमन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात त्या अ‍ॅस्परॅजिनेजमुळे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद पडू शकतात. तिथे हातपाय लुळे पडण्याआधी जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा झटके येतात. उलट बाजूही आहे. रक्ताच्या कर्करोगात किंवा केमोनंतर प्लेटलेट्स फार खाली गेल्या तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र अगदी विरुद्ध. म्हणून सीटी स्कॅनशिवाय कुणीही घरात पडलेली ‘रक्त पातळ करायची’ गोळी पेशंटच्या तोंडात टाकू नये. आणि हे वाचून केमोही सोडू नये; तिचा फायदा या धोक्यापेक्षा बहुतेक पेशंटांमध्ये कितीतरी मोठा असतो.

धोका किती, याचे आकडे अमेरिकेतले आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कर्करोगानं गेलेल्या ३,४२६ जणांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १४.६ टक्क्यांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या खुणा होत्या. जिवंतपणी लक्षणं दिसली होती ती त्यातल्या साधारण निम्म्यांनाच. अलीकडच्या काळात अमेरिकेतल्या वयस्कर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या निदानानंतर तीन महिन्यांत ५.१ टक्के लोकांना पक्षाघात झालेला दिसला. त्याच वयाच्या, कर्करोग नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १.२ टक्के होतं. पहिले काही महिनेच जास्त जोखमीचे. पुढे हा फरक ओसरत जातो.

याहून चमत्कारिक निष्कर्ष २०१९ मधला आहे. हृदयविकाराचे आणि मेंदूचे झटके कर्करोगाच्या निदानाच्या साधारण पाच महिने आधीपासूनच वाढू लागतात, आणि निदानापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात सर्वांत जास्त असतात. म्हणजे काही जणांच्या बाबतीत पक्षाघात हीच कर्करोगाची पहिली खूण. तरी यावरून पक्षाघाताच्या प्रत्येक पेशंटला पेट स्कॅनला पाठवायचं का? मला ते पटत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर पक्षाघातानंतर वर्षभरात नवा कर्करोग सापडणारे हजारात चौदाच्या आसपास निघाले. ज्यांच्या पक्षाघाताचं कारणच सापडलं नाही, त्यांच्यात मात्र हा आकडा हजारात साठच्या घरात जातो. बीपी नाही, साखर नाही, हृदयाचे ठोके नियमित, आणि गेल्या काही महिन्यांत वजन मात्र उतरलेलं, भूक मेलेली, हिमोग्लोबिन कमी : अशा माणसाच्या बाबतीत ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये.

आपल्याकडे मात्र याहून वेगळ्या वाटेकडे लक्ष द्यायला हवं, आणि तिची चर्चा फारच कमी होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि चघळणारे, मिश्री लावणारे धरून २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कुठल्याही बसस्थानकाच्या भिंती सांगतील. ही तंबाखू तोंडाचा कर्करोग करते हे सगळ्यांना माहीत आहे. तीच तंबाखू जीवघेण्या पक्षाघाताचा धोकाही वाढवते, हे कमी जणांना माहीत आहे. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की अनेकांना गळ्यापर्यंत शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागतो, बहुतेकदा सहा आठवडे. त्या शेकाच्या वाटेत मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या दोन्ही मोठ्या धमन्या येतात. ठिबकच्या नळीत क्षार साचत जावेत तशा त्या वर्षानुवर्षं आतून अरुंद होत जातात. नेदरलँड्समधल्या २००२ च्या अभ्यासात, मानेवर शेक घेतलेल्या साठीच्या आतल्या लोकांमध्ये पक्षाघाताचा धोका अपेक्षेपेक्षा साडेपाच पट निघाला, आणि दहा वर्षांनंतर सुमारे दहा पट.

दहा वर्षांनंतर. तोवर पेशंट ‘बरा’ झालेला असतो, फाइल माळ्यावर गेलेली असते, कर्करोगाच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या संपलेल्या असतात. पन्नाशीतल्या अशा माणसाचा हात काही मिनिटं लुळा पडून परत ठीक झाला, तर तो ‘मुंग्या आल्या होत्या’ म्हणून शेताकडे निघून जातो. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, ही साधी, न टोचता होणारी तपासणी आहे. शेक घेतलेल्या माणसानं बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल काटेकोर सांभाळणं, तंबाखू खरोखर सोडणं आणि मानेच्या डॉपलरबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारणं, एवढं तरी व्हावं.

महाराष्ट्रानं या दोन्ही आजारांची खेड्यापाड्यांतली मोजणी फार चांगली केली आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताचे निघाले, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले. पेशंटच्या घरात मात्र या दोन आजारांच्या दोन फाइली, दोन डॉक्टर आणि दोन शहरं असतात. परभणीच्या तातडीच्या विभागात पोचताना नेमकी दुसरी फाइल घरी राहते.

ती फाइल सोबत का हवी, ते सांगतो. कर्करोग आहे एवढ्यावरून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नाकारलं जात नाही. निर्णय तपशिलावर होतो. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर ते देत नाहीत. जठराच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात आणि मेंदूतच गाठ असेल तर रक्तस्रावाच्या भीतीनं टाळतात. अशा वेळी तारेनं गुठळी ओढून काढण्याचा पर्याय काहींना मिळू शकतो, पण ती सोय मोठ्या शहरांतच, म्हणजे निघायची घाई आणखी. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन द्यावं की हेपॅरिनसारखं औषध, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. त्याबद्दल पुढच्या भागात. आज रात्री कर्करोगाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर शेवटच्या केमोची तारीख, शेवटच्या रक्ततपासणीतल्या प्लेटलेट्स आणि चालू औषधांची नावं लिहून ठेवा. वेळ आली तर १०८ ला फोन करताना ‘कर्करोगाचा पेशंट आहे’ इतकंच न सांगता ‘एका बाजूची ताकद अचानक गेली, इतके वाजले होते’ असं सांगा. आणि पोटावर टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं कधी दिलं ते विसरू नका. गेल्या चोवीस तासांत उपचाराचा पूर्ण डोस गेला असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत नाही.