बिग मस्कीच्या माळावर

ओहायो राज्याच्या आग्नेय भागात, कंबरलँड गावानजीक, सुमारे दहा हजार एकरांवर पसरलेल्या 'द वाइल्ड्स' या वन्यप्राणी-संवर्धन केंद्रात जिराफांसमवेत आपल्याकडचे एकशिंगी गेंडेही चरताना पाहून, या भूमीच्या पोटातून एके काळी कोळसा उपसला गेला असेल, अशी प्रवाशाला शंकाही येत नाही. १९६९ ते १९९१ या काळात 'बिग मस्की' नामक अजस्र यंत्र या मुलखात एकेका खेपेस ३२५ टन दगडमाती उचलीत होते, १९९९ साली ते मोडीत निघाले आणि त्याची बादली (दोन-तीन खोल्या जिच्यात सहज मावतील अशा वस्तूला बादली म्हणणे हा भाषेचा विनयच!) तेवढी स्मारकरूपाने उरली.

१९७७ च्या केंद्रीय कायद्याने खाणमालकांवर खड्डे बुजवून जमीन हिरवी करण्याची सक्ती केली आणि ते होईपर्यंत अनामत रक्कम अडकवून ठेवली. बुलडोझरांनी दाबून दगडासारख्या केलेल्या मातीत खात्रीने उगवणारे स्वस्त बियाणे म्हणजे मूळचे युरोपीय 'टॉल फेस्क्यू' गवत, विशेषतः १९३१ साली केंटकीतील एका डोंगराळ शेतावर आढळलेला 'केंटकी-३१' हा त्याचा वाण. या गवतात वसणारी बुरशी किडींना दूर ठेवते, मात्र गुरांचे खूर सडविते. धूप थांबली, अनामती मोकळ्या झाल्या, सरकारी दप्तरी जमीन 'पूर्ववत' झाली. परंतु गवताच्या त्या दाट थरात ओक-मेपलचे बी रुजेना. हिरवेपणालाच पुनरुज्जीवन समजण्याची ही चूक कायद्याने केली, असे मला वाटते.

१९८६ साली एका वीज कंपनीने दान दिलेल्या 'द वाइल्ड्स'च्या या जमिनीवर आता काही ठिकाणी फेस्क्यू तणनाशकाने मारून 'बिग ब्लूस्टेम'सारखी देशी गवते व फुलझाडे पेरली जातात. फेस्क्यू वसंताच्या प्रारंभीच हिरवा होतो, देशी गवते उन्हाळ्यात वाढतात. त्यामुळे वसंतात बेताने लावलेली आग पहिल्याला भाजते आणि दुसऱ्यांना वाट मोकळी करून देते.

गंमत अशी, की येथे मूळचे होते ते अरण्य, गवताळ माळ नव्हेच. तरीही दुर्मिळ झालेली हेन्सलो चिमणी या उपऱ्या कुरणांत घरटी बांधू लागली आहे. तिला मागील वर्षाचे उभे, वाळके गवत लागते. म्हणून जाळपोळही पट्ट्यापट्ट्यांनी, एक काळा करून शेजारचा राखीत, करावी लागते.