सुटलेल्या घोड्याला आधी दाणा नको

मुंबई उच्च न्यायालयानं २०१५मध्ये शहरातल्या हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा मला वाटलं, सुटले घोडे! पण खरं काम त्यानंतरचं. हाडं निघालेला घोडा आणला की हात आधी हरभऱ्याच्या पोत्याकडे जातो. माझाही गेला होता. पहाटे घोडा पोटशुळानं जमिनीवर लोळत होता, नशिबानं वाचला. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत बाहेर येत नाही. म्हणून आधी पाणी आणि चांगलं सुकं गवत, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. दाणा नंतर, डॉक्टरांना विचारूनच. नव्या घरी पाठवण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो. अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा.