पदकापुरती आठवण

अथेन्स ऑलिंपिकमधील महिला हँडबॉलचा अंतिम सामना २९ ऑगस्ट २००४ रोजी झाला. साठ मिनिटांचा नियमित खेळ बरोबरीत संपला. जादा वेळ दिला, तरी कोंडी फुटेना. पुन्हा जादा वेळ दिला, तेव्हाही गुणफलक ३४–३४ असाच राहिला. अखेर सात मीटरच्या रेषेवरून एकेक फेक घेऊन निकाल लावावा लागला आणि डेन्मार्कने दक्षिण कोरियाला ३८–३६ असे नमवले. डेन्मार्कचे ते लागोपाठ तिसरे ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदानात प्रत्येकी सात खेळाडूंनी खेळावयाचा हा खेळ आहे. चेंडू हातात घेऊन तीन पावलांहून अधिक धावता येत नाही. गोलभोवतीच्या सहा मीटरच्या कक्षेत गोलरक्षकाखेरीज कोणी पाय ठेवावयाचा नाही. म्हणून हल्ला करणारी खेळाडू रेषेबाहेरून उसळी घेते आणि हवेत असतानाच चेंडू फेकते. अंगाला अंग भिडते, खांदे निखळतात. युरोपीय संघांतील उंच, धिप्पाड खेळाडूंसमोर कोरियाच्या मुलींनी आपले शस्त्र केले ते वेगाला. त्या बळावर १९८४ साली लॉस एंजेलिसला त्यांनी रौप्यपदक मिळवले, १९८८ साली सोलमध्ये आणि १९९२ साली बार्सेलोनात सुवर्णपदक. १९९५ साली त्या विश्वविजेत्या झाल्या. युरोपबाहेरच्या संघाने हे अजिंक्यपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

एवढे यश पदरी असलेल्या संघाला मायदेशी काय मिळाले? डेन्मार्कमध्ये महिला हँडबॉलला व्यावसायिक लीग आहे आणि तिला प्रेक्षकही आहेत. कोरियात मात्र कंपन्यांनी आणि नगरपालिकांनी पोसलेले मोजकेच संघ होते. १९९७ च्या आर्थिक संकटात कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, तेव्हा खेळांचे संघ प्रथम मोडीत निघाले. कोरियन भाषेत ‘हान्दे’ म्हणजे छप्पर नसलेली उघडी जागा. त्यावरून तेथे या खेळाला ‘हान्देबॉल’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. उन्हापावसात सोडून दिलेला खेळ, असा त्याचा अर्थ. विनोद कडवट खरा, पण खोटा म्हणता येणार नाही.

अथेन्सच्या त्या पराभवाची कथा यिम सून-रे या दिग्दर्शिकेने २००८ साली पडद्यावर आणली आणि लक्षावधी लोकांनी चित्रपटगृहांत गर्दी केली. ज्या सामन्यांना तिकीट काढून जाण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, त्यांवरच्या चित्रपटासाठी मात्र रांगा लागल्या! यात प्रेक्षकांना दोष देणे सोपे आहे. परंतु जो खेळ कधी दाखवलाच जात नाही, त्याची गोडी लोकांना लागावी तरी कशी?

त्याच वर्षी बीजिंगमध्ये उपांत्य सामन्यात नॉर्वेने अगदी शेवटच्या क्षणाच्या गोलवर कोरियाला २९–२८ असे हरवले. चेंडूने रेषा ओलांडली तेव्हा वेळ संपली होती, ही कोरियाची तक्रार फेटाळली गेली. पुढे कांस्यपदकासाठी हंगेरीशी गाठ पडली. विजय निश्चित झाला, शेवटचे मिनिट उरले, आणि प्रशिक्षक लिम यंग-चुल यांनी खेळ थांबवून घेतला. डावपेच सांगण्यासाठी नव्हे. पुन्हा ऑलिंपिक खेळण्याची शक्यता नसलेल्या ज्येष्ठ खेळाडूंना त्यांनी मैदानात उतरवले आणि तरुण मुलींना समजून घेण्यास सांगितले. त्या ज्येष्ठांत ओह सुंग-ओक होती. १९९२ पासूनचे तिचे ते पाचवे ऑलिंपिक.

कोरियन शासन ऑलिंपिक पदकविजेत्यांना निवृत्तिवेतन देते, ही गोष्ट तेथील व्यवस्थेच्या बाजूने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीही आहे. पण निवृत्तिवेतन पदकानंतर येते. पदकापूर्वीची दहा-बारा वर्षे खेळाडूने कशावर काढावयाची, याचे उत्तर त्यात नाही. सोलच्या ऑलिंपिक उद्यानात हँडबॉलसाठी स्वतंत्र क्रीडागार झाले ते २०११ साली, पहिल्या सुवर्णपदकानंतर तेवीस वर्षांनी, आणि तेही एका उद्योगसमूहाने मनावर घेतले म्हणून. तोवर युरोपातील संघ पुढे निघून गेले होते. तरीही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पात्र ठरलेला कोरियाचा सांघिक चेंडूखेळातील एकमेव संघ या महिलांचाच होता. सलामीच्या सामन्यात त्यांनी जर्मनीला २३–२२ असे हरवले. गटसाखळी मात्र त्यांना ओलांडता आली नाही.

हा संघ डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या दाराशी येऊन गेला. महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा नवी दिल्लीत भरली होती आणि अंतिम सामन्यात जपानने कोरियाला अवघ्या एका गोलने, २५–२४ असे हरवले. यजमान म्हणून भारताचा संघही त्या स्पर्धेत खेळला. शाळा-महाविद्यालयांच्या आंतरशालेय आणि विद्यापीठीय स्पर्धांत हँडबॉल खेळणाऱ्या मुली महाराष्ट्रातही आहेत. आशियातील सर्वश्रेष्ठ संघ दिल्लीत खेळत आहेत, ही बातमी त्यांच्यापैकी कितीजणींपर्यंत वेळेवर पोहोचली असेल?