संगणक गावात आला, पुढे काय?

मंडळी, पन्हाळा तालुक्यातले वारणानगर आपणा सर्वांना साखर आणि दूध यांमुळे ठाऊक आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकाराचे हे गाव. १९९८ साली सरकारने आणि तिथल्या सहकारी संस्थांनी मिळून या परिसरात एक मोठा बेत आखला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० खेडी संगणकाने जोडायची. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याने बाजारभाव पाहावा, पिकाचा सल्ला घ्यावा, दाखला मागावा, अशी कल्पना होती.

पुढे काय झाले? बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा या तिघांनी त्याचा अभ्यास केला. किती यंत्रे बसवली हे मोजून ते थांबले नाहीत. लोक त्यांवर करतात काय, ते त्यांनी पाहिले. तर बहुतेक काम एकाच गोष्टीचे होते, ते म्हणजे उसाचा हिशेब. माझा ऊस किती टन भरला, खत किती उचलले, बिल किती झाले? बाकी सारे बेत बाजूला पडले होते आणि संगणकाचा वापरही कमी कमी होत चालला होता.

यात नवल ते काय? ज्याचा ऊस गाडीत भरून काट्यावर गेला, त्याचा जीव त्या वजनाच्या आकड्यात अडकलेला असतो. वर्षभराचे पैसे तिथे असतात. दूरच्या बाजारातला भाव त्याने पाहावा तरी कशाला? ऊस जायचा तो आपल्याच कारखान्याला!

मग त्यांनी साधा विचार केला. एवढ्यासाठी संगणक हवा कशाला? सात गावांत आठ महिने त्यांनी तेच काम साध्या मोबाइल फोनच्या एसएमएसवर, म्हणजे लेखी निरोपावर, करून पाहिले. संगणकावर होणारे सगळे काम फोनवर झाले, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले. सगळीकडे असेच केले तर संस्थेचे वर्षाला सुमारे १० लाख रुपये वाचतील, असा अंदाज त्यांनी २००७ साली मांडला. एक गोष्ट मात्र विसरू नका. हिशेब चोख ठेवणारी संस्था आधीपासून उभी होती, म्हणून फोनचा उपयोग झाला. जिथे हिशेबच नाही, तिथे फोन सांगणार काय?

तोयामा मूळचे संगणकशास्त्राचे अभ्यासक. अशी कामे करता करता त्यांचे मत बनले, आणि २०१५ साली त्यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की यंत्र माणसाची मूळची शक्ती आणि इच्छा वाढवते. आपला ध्वनिक्षेपक आठवा. सुरात गाणाऱ्याचा सूर तो चार गल्ल्या पलीकडे नेतो, आणि बेसुराचा बेसूरही तितक्याच इमानाने नेतो!

गुरुजनहो, आता शाळेकडे वळू. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की एका संगणकाभोवती पाच-सहा मुले दाटीने बसतात आणि माऊस असतो एकाच्याच हातात. तो बहुधा वर्गातला दांडगा, बऱ्या घरचा मुलगा. बाकीची मुले, मुली तर विशेषच, नुसती बघत राहतात. यंत्र सर्वांसाठी आले खरे, पण वर्गातली जुनी उतरंड त्याने आणखी ठळक केली.

त्यावर त्यांनी एकाच पडद्याला अनेक माऊस जोडले, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. मुले खूश झाली. पण इंग्रजी शब्द शिकवताना एक गंमत झाली. जो आधी दाबेल तो जिंकेल असा खेळ ठेवला, तेव्हा मुलगे भराभर बटणे दाबत सुटले आणि शब्द मात्र कमी शिकले. मग नियम बदलून पाहिला. गटातल्या सर्वांनी बरोबर उत्तरावर आपापला बाण आणल्याशिवाय पुढचा शब्द यायचाच नाही. आता ज्याला उत्तर येई, त्याला शेजाऱ्याला समजावून सांगणे भाग पडले. आणि एका संगणकावर एकटे बसून जितके शब्द शिकता येतात, तितके या गटातली मुले शिकली.