ब्रेकचा पॅड किती झिजला?

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा असे करीत मोटारीने नांदेडला येताना आपण उतरत आलो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, तर गोदाकाठचे नांदेड सुमारे ३६० मीटरवर. वाटेतले चढउतार वजा जाता मोटार २७० मीटर खाली येते. तिचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरले, तर तिने गमावलेली स्थितिज ऊर्जा १,००० × ९.८ × २७०, म्हणजे सुमारे २६ लाख ज्यूल होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ह्याच मोटारीची गतिज ऊर्जा जेमतेम १.४ लाख ज्यूल असते. म्हणजे मोटार त्या वेगावरून एकोणीस वेळा थांबवावी, एवढी ऊर्जा त्या उतारात दडलेली आहे!

तिचा बराच भाग हवेचा रोध, टायर आणि इंजिन ह्यांत खर्च होतो. उरलेल्या ऊर्जेचा भार ब्रेकवर पडतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी दोन पॅड आवळतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि पॅडचे बारीक कण सुटून जातात. ही झीज ढोबळमानाने घर्षणात खर्च झालेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असते. म्हणून ताशी ८० वरून थांबणे पॅडला ४० वरून थांबण्याच्या चौपट महाग पडते.

आता ही झीज मोजायची कशी? पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणाचा थर. नवा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. व्हर्नियरमध्ये पट्टीसकट पॅड धरला, तर पाच-सहा मिलिमीटर फुकटचे मिळतात आणि आपण निर्धास्त होतो. तेव्हा पट्टीची जाडी वजा केलीच पाहिजे.

समजा, थर ११.० मिलिमीटर होता आणि १५,००० किलोमीटरनंतर ८.६ भरला. झीज २.४ मिलिमीटर, हजार किलोमीटरला ०.१६. थर ३ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा असे ठरवले, तर अजून ५.६ मिलिमीटर, म्हणजे ३५,००० किलोमीटर हाती आहेत. पण शाळेतल्या व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर. दोन्ही वाचनांत तेवढी चूक धरली, तर झीज २.२ ते २.६ च्या दरम्यान कुठेही असेल आणि ३५,००० चे उत्तर दोन्हीकडे सुमारे ३,००० ने हलेल. उतावीळपणे हजार किलोमीटरनंतरच मोजायला बसलात, तर झीज आणि चूक जवळजवळ सारख्याच!

मी फसलो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड जाड दिसला, आतला पाहायला वाकण्याचा मी आळस केला. महिन्याभराने अहमदपूरच्या अलीकडे ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. आतला पॅड पार पट्टीपर्यंत गेला होता. पुष्कळ मोटारींत पॅड धरणाऱ्या पकडीत दट्ट्या एकाच बाजूला, आत असतो. (ह्या पकडीलाही कॅलिपरच म्हणतात, व्हर्नियरशी घोटाळा करू नका.) दट्ट्या आतला पॅड दाबतो आणि प्रतिक्रियेने पकड पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढते. माझ्या मोटारीच्या पिना गंजल्या होत्या, त्यामुळे सारे काम आतल्यानेच केले.

पॅड झिजला की दट्ट्या पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा ब्रेकच्या तेलाने भरते. त्यामुळे टाकीतली तेलाची पातळी उतरते. गळती नसतानाही ती हळूहळू खाली गेली, तर तेल ओतण्यापूर्वी पॅड पाहावेत. काही पॅडना पोलादी जिभलीही असते. थर संपत आला की ती चकतीला टेकून किंचाळते.

शिक्षकांनी गॅरेजमधून एकाच चाकाचे दोन्ही टाकाऊ पॅड मागून आणावेत. ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत. फुंकर मारू नये, कारण जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. मग प्रत्येक पॅडची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजावी. तीन आकडे सहसा सारखे येत नाहीत.